पायाला स्प्रिंग लावून चालायचंय? मग आधी क्लच नीट करा

आधीच सांगून टाकतो, चालताना पोटरीचे कष्ट कमी करायचं हे यंत्र, पण यात मोटर नाही, बॅटरी नाही, चार्जिंग नाही, आणि हे घालून कोणी सुपरमॅन होत नाही. पोटरीच्या मागं एक स्प्रिंग, बुटाच्या टाचेला एक दांडी, मध्ये वायर, आणि ती वायर वेळेवर धरणारा नि वेळेवर सोडणारा एक छोटा क्लच, बस एवढंच. मी सोलापुरात लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, मेन्टेनन्स करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आमचे अप्पा पण जॉबरच होते, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, आणि हे खूळ डोक्यात शिरलं ते त्यांच्या पोटऱ्या बघूनच, बारा बारा तास लूमच्या दोन ओळींमधनं येरझाऱ्या घालून रात्री त्यांच्या पोटऱ्या दगड व्हायच्या आणि आई गरम पाण्यात टॉवेल पिळून शेकत बसायची. आतापर्यंत मी तीन जोड्या बनवल्या. पहिली भंगारात गेली, दुसरीनं मला तोंडावर पाडलं, तिसरी बरी चालतीय. कोणाला करून बघायचं असेल तर माझ्या चुका परत करू नका म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

स्प्रिंग ताकद देत नाही, हे आधी डोक्यात बसवा

मला भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, की स्प्रिंग ढकलते म्हणजे फुकटची ताकद कुठनं आली. फुकट काही नाही. भरलेली कळशी हात लांब करून नुसती धरून उभं राहा, कळशी जागची हलत नाही, म्हणजे हिशोबानं काम शून्य, पण दोन मिनिटांत हात थरथरायला लागतो. स्नायूला नुसतं धरून ठेवायलाही खुराक लागतो. तीच कळशी खुंटीला अडकवा, खुंटीला काही लागत नाही.

चालताना पोटरी हीच कळशी धरत असते. पाऊल जमिनीवर सपाट टेकलं की नडगी हळूहळू पुढं झुकत जाते, त्या वेळी पोटरीचा स्नायू तिला मागनं लगाम लावल्यासारखा धरून ठेवतो, टाचेच्या मागची जाड शीर ताणली जाते आणि शेवटी ती शीरच सुटून पाऊल पुढं ढकलते. म्हणजे देवानं स्प्रिंग आधीच दिलेली आहे, स्नायू नुसता एक टोक धरून बसलाय. त्याच्या जोडीला बाहेरनं दुसरी स्प्रिंग लावली आणि तिचं टोक एखाद्या खुंटीनं धरलं तर स्नायूचं धरायचं काम कमी होतं, कल्पना एवढीच.

हे खरंच जमतं हे २०१५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या तिघांनी दाखवलं, स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॉविकी. नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं होतं. ९ जणांना ट्रेडमिलवर चालवलं, तोंडाला मास्क लावून श्वास मोजला, आणि चालायला लागणारी शक्ती सरासरी ७.२ टक्के कमी झाली, तीही कसलीच बॅटरी न लावता. ७ टक्के म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण पाठीवरनं चारेक किलोची सॅक उतरवल्यासारखं ते आहे, आणि माणूस लाखो वर्षं चालून चालून इतका काटकसरी झालाय की त्यातनं अजून ७ टक्के काढणं ही गंमत नाही. स्प्रिंग लावून चालायची कल्पना तशी जुनी आहे, रशियातल्या निकोलस याग्न नावाच्या माणसानं १८९० मध्येच त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं होतं, पायाच्या बाजूनं धनुष्यासारख्या लांब पट्ट्या लावलेल्या. म्हणजे कल्पनेपासून शक्ती खरंच कमी झाल्याचं मोजून दाखवेपर्यंत सव्वाशे वर्षं गेली बघा.

आता त्या प्रयोगातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. त्यांनी पाच स्प्रिंगा लावून बघितल्या, १३० पासून ४०० न्यूटन मीटर प्रति रेडियनपर्यंत (हे घोट्यापाशी स्प्रिंग किती कडक लागते त्याचं माप, आकडा मोठा तेवढी कडक), आणि सगळ्यात जास्त फायदा १८० च्या स्प्रिंगनं झाला. त्याहून कडक लावली की फायदा घसरत घसरत गायबच. कारण कडक स्प्रिंग पोटरीचं काम घेते खरं पण मग बाकीच्या स्नायूंना उलटं जास्त राबावं लागतं. आपल्याकडं स्प्रिंग म्हटलं की लई जाड आणायची सवय आहे, मी पण पहिल्या जोडीला लूमचीच जुनी स्प्रिंग लावली होती. घोटा वाकायचाच बंद झाला, कोंबडीसारखा चालत होतो.

क्लच म्हणजे काय ते लूमवाल्यांना सांगायला नको

लूमवर कापड पुढं ओढणारं दातेरी चाक असतं बघा, दर धाग्याला एक दात पुढं, आणि एक जिभली त्याला मागं येऊ देत नाही. सायकलवाले फ्रीव्हीलमधल्या तसल्या जिभलीला कुत्ता म्हणतात, मी पण कुत्ताच म्हणणार. आपला क्लच म्हणजे हेच, फक्त कुत्ता कायम अडकलेला चालत नाही, दर पावलाला एकदा अडकला पाहिजे आणि एकदा सुटला पाहिजे.

का सुटला पाहिजे हे वाचून कळत नाही, करून बघा. गुडघ्याखाली एक पट्टा बांधा, तिथनं बुटाच्या टाचेपर्यंत मागच्या बाजूनं जाड इलॅस्टिक ताणून बांधा आणि घरातल्या घरात भिंतीला धरून दहा पावलं चाला. पाऊल टेकलेलं असताना बरं वाटेल. पण पाय उचलून पुढं घ्यायला गेलात की इलॅस्टिक टाच वर ओढून धरतं, चवडा खाली लोंबतो आणि फरशीला घासतो, तो वर उचलायला नडगीच्या पुढच्या स्नायूला झुंजावं लागतं. म्हणजे मागं वाचवलेलं पुढं खर्च, वर ठेच लागून पडायची सोय. पाऊल जमिनीवर असताना धरायचं आणि हवेत असताना साफ सोडून द्यायचं, हे ज्याला जमलं त्याचं यंत्र चाललं. बाकी सगळी लोहारकी.

तुम्हाला क्लचची भानगडच नको असेल तर एक सोपा प्रकार आहे, पण तो पळण्यासाठी. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दोन्ही बुटांच्या मध्ये नुसती एक रबरी नळी बांधली, पायाच्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा लांब, आणि पळायला लागणारी शक्ती ६.४ टक्के कमी झाली. पाय मागं-पुढं झुलवायला जी शक्ती लागते त्यात ती नळी मदत करते आणि पावलं आपोआप छोटी, भरभर पडायला लागतात. पायाची उंची ८८ सेंमी असेल तर नळी २२ सेंमी, मेडिकलच्या होलसेल दुकानात लेटेक्सची नळी मीटरवर मिळते, बुटाच्या लेसला छोट्या हुकनं अडकवायची. होम मैदानावर सकाळी मी आणि माझा भाचा हे करून बघत होतो तर फिरायला आलेले एक काका थांबून म्हणाले, "काय बाळांनो, पाय बांधून पळायची शर्यत हाय का?" हसू दे हसले तर. पण सपाट जागेवरच करा, चालताना वापरू नका, आणि सुरुवातीला अगदी हळू, पहिले पाच मिनिटं नळी आहे हे सारखं आठवत राहतं आणि मग अचानक विसरायला होतं.

बनवायला घ्या

पट्टा. वायरचं वरचं टोक नडगीवर धरायचंय आणि ताण खालच्या बाजूला येणार, म्हणजे पट्टा घसरणार, हे नक्की समजा. गोल सरळ पट्टा कितीही आवळला तरी अर्ध्या तासात घोट्यावर येतो. पोटरीचा फुगवटा असतो त्याच्या वरच्या उतारावर बसेल असा, वर अरुंद खाली रुंद, असा कफ पाहिजे. मी क्रिकेटच्या जुन्या पॅडची नडगीची बाजू कापून घेतली, त्याला पाठीमागनं कॅनव्हासचा रुंद पट्टा. आतून अस्तर म्हणून टॉवेल लावा, आपल्या गावात त्याला काय तोटा, कटपीस किलोवर मिळतात. मी आधी फोम लावला होता, मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात फोम म्हणजे पायाला भजं तळल्यासारखं, घामानं पट्टा अजूनच घसरतो. टॉवेल घाम पितो आणि काढून धुता येतो.

एक गोष्ट इथं नीट वाचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं एक टेंगूळ हाताला लागतं. त्याच्या मानेजवळनं एक नस अगदी कातडीखालनं जाते, तिच्यावर पट्टा आवळला की पावलाला मुंग्या येतात आणि जास्त वेळ ठेवला तर चवडा उचलायची ताकदच जाऊ शकते. कफ त्या टेंगळाच्या दोन-तीन बोटं खालीच सुरू झाला पाहिजे. मुंग्या आल्या की लगेच काढायचं, "अजून एक राउंड मारतो" करायचं नाही.

बूट आणि दांडी. चप्पल, सँडल, फ्लोटर यातलं काही चालणार नाही, टाच घट्ट धरणारा बूट लागतो, सेफ्टी शूज उत्तम. आमच्याकडं शेडमध्ये निम्मे लोक स्लिपरवर असतात, त्यामुळं खरं सांगायचं तर हे यंत्र आहे तसं कारखान्यात चालणार नाही, हे मला पण मान्य आहे. बुटाच्या टाचेला तळातनं ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रू आणि ॲरल्डाइट दोन्हीनं बसवा आणि ती मागं बाहेर काढा, घोट्याच्या हाडापासून मोजून साधारण १५ सेंमी मागं तिचं टोक यावं. जास्त लांब काढलीत तर जिना उतरताना मागच्या पायरीला लागते. तसं जिन्यावर हे घालून जायचंच नाही.

वजनाचं भान ठेवा. त्या २०१५ च्या यंत्राचं वजन एका पायाला अर्ध्या किलोच्या आसपासच होतं, आणि ते कार्बन फायबरचं. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस एवढा उंच कळक कमरेवर तोलतो, पावलाला बांधून कोणी नेत नाही, कारण पावलावरचं वजन दर पावलाला उचलावं, पुढं फेकावं आणि थांबवावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ह्यू हर यांच्या टीमनं २००७ मध्ये ३६ किलोचं ओझं वाहायला स्प्रिंगांचा अख्खा पाय बनवला होता, एका पायावर उभं असताना ओझ्यातलं सरासरी ८० टक्के वजन तो परस्पर जमिनीला द्यायचा, तरी माणसाला साध्या सॅकपेक्षा १० टक्के जास्त शक्ती लागली. म्हणून क्लच, वायर गुंडाळायचा ड्रम जे काय जड असेल ते वर कफवर बसवा, टाचेपाशी फक्त दांडी आणि स्प्रिंगचं टोक.

स्प्रिंग. इथं थोडा हिशोब आहे पण सातवीचा आहे. दांडी १५ सेंमी असेल तर घोटा १० अंश वाकल्यावर दांडीचं टोक साधारण २६ मिमी सरकतं. १८० च्या हिशोबाची स्प्रिंग घ्यायची तर ती एक मिमीला ८ न्यूटन ओढणारी लागते, म्हणजे १० किलो टांगल्यावर फक्त १२ मिमी लांबणारी, आणि चालताना ती तुम्हाला २१ किलोच्या आसपास ताण देणार. पहिल्या दिवशी हे लावू नका. पाव हिश्शानं सुरू करा, एक किलोला ५ मिमी लांबणारी, म्हणजे २६ मिमीला ५ किलोच्या वर थोडा ताण. दुकानदार तुम्हाला असले आकडे सांगणार नाही, त्यामुळं खिशात पट्टी आणि लगेज तोलायचा छोटा डिजिटल काटा घेऊन जा, स्प्रिंग काट्याला अडकवून ओढा, किती किलोला किती मिमी हे तिथंच मोजा. स्प्रिंगवाले आमच्याकडं बघून हसतात, पण देतात मोजू.

आणि स्प्रिंगच्या ओळीत एक फ्यूज टाका. अडीच मिमी रुंदीचा प्लॅस्टिकचा केबल टाय साधारण ८ किलोला तुटतो, ५ किलोच्या स्प्रिंगला तो बरोबर बसतो, काही अडकलंच तर पाय मुरगळायच्या आधी टाय तुटेल. पुढं स्प्रिंग वाढवली की साडेतीन मिमीवाला, तो १८ किलोपर्यंत जातो. हा फ्यूज मला पडल्यानंतर सुचला, तुम्ही आधीच टाका.

आता क्लच

कफच्या मागं ४० मिमी व्यासाचा ड्रम, त्याच्यावर सायकलच्या गिअरची आतली वायर दोन वेढे, वायरचं खालचं टोक स्प्रिंगला आणि स्प्रिंग टाचेच्या दांडीला. नायलॉनची दोरी वापरू नका, ती स्वतःच ताणते आणि तुमचे २६ मिमी तीच खाऊन टाकते. ड्रमच्या आत जुन्या मेजरिंग टेपमधली पट्टी-स्प्रिंग बसवा, वायर ढिली पडली की ती अलगद गुंडाळून घ्यायचं काम तिचं, फक्त ढील खाण्यापुरती, जोर अगदी कमी. ड्रमच्या बाजूला दातेरी चाक. ट्रकवाल्यांच्या रॅचेट बेल्टचं चाक मी पहिल्यांदा लावलं होतं पण त्याचे दात मोठे, प्रत्येक वेळी अर्धा-एक सेंमी फुकट जायचा, मग तीन मिमीच्या पत्र्यातनं लेझरनं कापून घेतलं, ३६ दातांचं. म्हणजे एका दाताला साडेतीन मिमी, चालतं.

कुत्त्याला अडकवणार कोण? टाच. बुटात सोलच्या वर, टाचेखाली पातळ लिव्हर ठेवा, टाच टेकली की ती सायकलच्या ब्रेकची वायर ओढते आणि वर कुत्ता दातात जातो. वायर आणि कुत्ता यांच्या मध्ये एक नाजूक स्प्रिंग ठेवा, नाहीतर कुत्ता दाताच्या बरोबर टोकावर पडला तर एक तर वायर तुटते नाहीतर लिव्हर वाकते.

इथं मी दोन महिने अडकलो होतो. कारण टाच टेकली की धरायचं हे सोपं आहे, पण टाच तर पाऊल ढकलायच्या आधीच वर उठते, आणि नेमकी त्याच वेळी स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. म्हणजे टाच उठली, कुत्ता सुटला, फटाक, सगळी साठवलेली मजा वाया. मी टायमर काय, सेन्सर काय, कसले कसले विचार करत होतो, भाचा तर मोबाईलवर प्रोग्राम लिहायला बसला होता. अप्पा खाटेवर बसून हे सगळं बघत होते, चाक हातात घेतलं, नखानं एक दात दाखवला आणि म्हणाले, "अरे, कुत्त्याला ओढून कशाला धरायला लागलास? दातच असा काप की ओझं असेपर्यंत तो सुटायचाच नाही. ओझं गेलं की मग सुटू दे की."

झालं. दाताची ओझं घेणारी बाजू सरळ न कापता दोन-तीन अंश आत झुकवली, म्हणजे ताण असताना कुत्ता दातात अजून खेचला जातो. टाच उठते, ब्रेकची वायर ढिली होते, पण कुत्ता ओझ्याखाली दाबलेला असल्यामुळं जागेवरच. पाऊल ढकलून संपतं, स्प्रिंग रिकामी होते, टेपची पट्टी ड्रमला उलट्या बाजूला जरा फिरवते, दात आणि कुत्त्यामध्ये केसभर फट पडते, आणि कुत्त्याची छोटी परत-स्प्रिंग त्याला बाहेर काढते. पाय हवेत, वायर मोकळी, चवडा उचला हवा तेवढा. पुढची टाच टेकली की परत तेच. पाऊल टेकल्यावर टाचेपासून सपाट होईपर्यंत जी थोडी ढील पडते तीही पट्टी गुंडाळून घेते, त्यामुळं वायरची लांबी दर पावलाला आपोआप जुळते. कॉलिन्सच्या यंत्रात हेच काम ड्रमवरच्या खिळ्यांनी केलंय, घोट्याचा कोनच कुत्त्याला अडकवतो नि सोडवतो, ते जास्त देखणं आहे, पण जुळवायला अवघड.

आत झुकवायचं म्हणून जास्त झुकवू नका. मी एका चाकाला दहा अंश दिले होते, हातानं फिरवून बघताना झकास, पायात घातल्यावर पाच पावलांत एकदा अडकून बसायचा.

टेबलावर आधी शंभर वेळा हातानं चालवून बघा, कान लावून. टाच दाबली की बारीक टक, ताण दिला की शांत, सोडला की दुसरा टक. दुसरा टक आला नाही तर पायात घालायचं नाही. नव्याण्णव वेळा आला आणि एकदा नाही आला, तरी नाही घालायचं.

मी पडलो कसा

दुसरी जोडी. टेबलावर मस्त चालत होती, मैदानावर पण दोन आठवडे काही झालं नाही, म्हणून मी शहाणपणा करून ती घालून शेडमध्ये गेलो. कुत्त्याच्या पिनला सवयीनं तेलाचे दोन थेंब सोडले, लूमला सोडतो तसे. शेडमध्ये हवेत कापसाची लव कशी उडते माहितीच आहे, सगळ्यांच्या पापण्यांवर बसते. ती लव त्या तेलावर बसत बसत तासाभरात कुत्त्याच्या बुडाशी राखाडी चिकट लगदा झाला, जात्याच्या खुंट्याला पीठ चिकटतं तसा. परत-स्प्रिंग एवढी नाजूक, तिला काय तो कुत्ता हलेना. पाय उचलला, चवडा खालीच राहिला, समोर बीमची, म्हणजे धागा गुंडाळलेल्या मोठ्या रुळाची, ट्रॉली होती तिच्या कडेला बुटाचं टोक लागलं आणि मी सरळ पुढं. मनगट मुरगळलं, हनुवटीला तीन टाके. चालू लूमच्या बाजूला पडलो नाही हे नशीब, त्या बाजूला पडलो असतो तर हे लिहायला हात राहिला असता का कोण जाणे.

तेव्हापासून दोन नियम. कुत्त्याला तेल बंद, त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड, कोरडी. आणि चालत्या मशिनीजवळ हे घालून जायचं नाही, पट्टे, वायर, दांडी, सगळं अडकण्यासारखंच आहे.

घालून चालायला लागलात की

पहिले दोन-तीन दिवस आधीपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटेल. पोटरीला वर्षानुवर्षांची सवय असते, स्प्रिंग मदतीला आली हे तिला कळायला वेळ लागतो, तोवर ती पण धरते आणि स्प्रिंग पण धरते. रोज १०-१५ मिनिटं, सपाटीवर, एकाच चालीनं. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सकाळी सहाला बरं पडतं, ऊन नसतं आणि लोक कमी. दोन्ही पायांना लावा, एकाच पायाला लावून लंगडत चालायची प्रॅक्टिस करू नका.

फायदा झाला का हे मोजणं मात्र लई अवघड आहे. मास्क आपल्याकडं नाही, नाडी आहे, पण चार ठोक्यांचा फरक चहानंसुद्धा पडतो. मी असं करतो, दहा मिनिटं यंत्राशिवाय, दहा मिनिटं यंत्रासकट, परत दहा मिनिटं शिवाय, तेच अंतर, तोच वेग, मोबाईलवर ठोका लावून पावलं त्याच्यावर टाकायची, आणि शेवटच्या दोन मिनिटांची नाडी लिहायची. असं आठ-दहा दिवस केल्याशिवाय एका दिवसाच्या आकड्यावर नाचू नका. तिसरी तुलना पण करा, जी कोणी करत नाही, यंत्र घालायचं पण स्प्रिंग काढून टाकायची. त्यानं नुसत्या वजनाचा तोटा किती हे कळतं. माझ्या तिसऱ्या जोडीत स्प्रिंगचा फायदा तो तोटा जेमतेम भरून काढतो, वर थोडं उरतं असं मला वाटतं, पण छातीठोकपणे सांगणार नाही. एका पायाचं वजन ७८० ग्रॅम आहे, ते अर्ध्या किलोवर आणायचं चाललंय.

स्प्रिंग वाढवायची तर एका वेळी थोडीच, आणि प्रत्येक नव्या स्प्रिंगला आठवडा द्या. घोटा पुढं वाकायला अडखळतोय, किंवा गुडघा मागं ढकलल्यासारखा वाटतोय, की समजा जास्त झाली.

कोणी करू नये तेही सांगतो. शुगर असून पावलांना बधिरपणा आहे त्यांनी अजिबात नाही, पट्टा घासून जखम झाली तरी कळणार नाही. पोटरीवर शिरा फुगलेल्या आहेत, जे उभ्यानं काम करणाऱ्यांत घरटी एक सापडेल, त्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं. पोलिओ, लकवा, गुडघा अचानक वाकून बसणारा पाय, असं काही असेल तर हे खेळणं त्यासाठी नाही, त्यांच्यासाठी मापाचं कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, असतं, आता तर पाय टेकल्यावर गुडघा लॉक होणारे आणि उचलल्यावर सुटणारे कॅलिपर पण येतात, विचार तोच आहे पण ते बनवणारे शिकलेले लोक असतात. आणि दिवसभर उभं राहूनच पाय दुखत असतील तर पोटरीच्या स्प्रिंगचा उपयोग नाही, ही चालण्यासाठी आहे.

देखभालीत फार काही नाही. रोज घालायच्या आधी जुन्या टूथब्रशनं दात आणि कुत्त्याचं बूड कोरडं झाडा, वीसदा हातानं टक-टक ऐका, केबल टाय आठवड्याला नवा. ड्रमवर वायर जिथं वाकते तिथं बोट फिरवा, एक जरी तार सुटून टोचली तर अख्खी वायर बदला, सायकलवाल्याकडं चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. टॉवेलचं अस्तर दर दोन दिवसांनी धुवा, नाहीतर घरचे यंत्रासकट तुम्हाला गॅलरीत ठेवतील.